पंच नुसता उभा नसतो

'पंचांना वेगळी विश्रांती कशाला? ते तर नुसते उभे असतात', हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे वाचून वाईट वाटले. फलंदाज बाद झाला की सावलीत जातो. पंच दोन्ही डाव उन्हातच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मागच्या उन्हाळ्यात षटक मोजायचे खडे हातात असूनही मला चेंडूंचा हिशेब लागेना. स्कोअररने धरून कडुलिंबाखाली नेले, डोक्यावर पाणी ओतले, म्हणून सावरलो. तहान लागायची वाट पाहू नये. घामावाटे मीठही जाते, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी कालवून घोट घोट घ्यावे. आयोजकांना विनंती, दुपारी बारा ते चार सामने ठेवू नका.

— एक क्रिकेट पंच, अकोला