ई-२० पेट्रोल आणि आपल्या जुन्या गाड्या: भीती किती खरी, तक्रार किती रास्त?

"ई-२० टाकलं की इंजिन जातं म्हणे, खरं का?" गावी सायखेड्याला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यात गाड्यांचं वेड, म्हणजे उत्तर मलाच माहीत असणार असा सगळ्यांचा समज. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींच्या दारात जुनी मारुती ८०० किंवा कार्ब्युरेटरवाली बाईक उभी असते. आणि काहींच्या शेतात मका किंवा ऊस उभा असतो. निफाड तालुक्यात बऱ्याचदा हे दोन्ही प्रकार एकाच घरात सापडतात. म्हणूनच या विषयावर एक बाजू पकडून ओरडणं आपल्याला परवडणारं नाही.

माझं मत आधीच सांगतो. इंजिन एका रात्रीत खलास होतं ही भीती अतिरंजित आहे. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरा पर्यायच ठेवला नाही, ही तक्रार अगदी रास्त आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

ई-२० म्हणजे नेमकं काय?

शंभर लिटर पेट्रोलमध्ये २० लिटर इथेनॉल, बस्स. इथेनॉल म्हणजे उसाचा रस, मळी, मका किंवा तांदूळ आंबवून तयार केलेलं अल्कोहोल. देशाने जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. २० टक्क्यांचं मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ केलं आणि गाठलंही. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे इंधनाशी संबंध येणारे भाग ई-२० ला टिकतील असे बनू लागले.

म्हणजे अडचण कुठे आहे ते बघा. इंधन दोन-तीन वर्षांत बदललं. गाड्या मात्र पंधरा-वीस वर्षं चालतात. आमच्या भाषेत हा बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचा प्रश्न आहे. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली, पण जुनं ॲप वापरणाऱ्या लाखो लोकांचं काय करायचं ते ठरवलंच नाही.

कुठल्या गाडीला किती फरक?

पहिली गोष्ट, डिझेल गाड्यांचा याच्याशी काही संबंध नाही. आपल्या भागात कांदा-द्राक्षं वाहणारे पिकअप, बहुतेक जुन्या जीप, नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या डिझेल बोलेरो आणि स्कॉर्पिओ, या सगळ्यांनी निवांत राहावं.

प्रश्न आहे पेट्रोल गाड्यांचा, आणि नेमक्या त्यातच माझ्या आवडत्या गाड्या आहेत. जिप्सी, प्रीमियर पद्मिनी, काँटेसा, पहिल्या पिढीची मारुती ८००. या गाड्या वेगवान नव्हत्या आणि आरामशीर तर अजिबात नव्हत्या. तरी मला त्या आजच्या बऱ्याच गाड्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांना स्वतःचा चेहरा होता. बिघडल्या तर रस्त्याच्या कडेला पाना-पकड घेऊन त्या चालू करता यायच्या. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली तेव्हा लोक हळहळले, ते काही तिच्या मायलेजसाठी नाही.

आता तांत्रिक भाग. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई-२० ला सुमारे १३.५ पट हवा पुरते. म्हणजे त्याच हवेत इंधन थोडं जास्त सोडावं लागतं.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, विशेषतः बीएस-४ आणि नंतरच्या, सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. हे सतत चालू असतं. त्यामुळे अशी गाडी ई-२० बऱ्यापैकी सांभाळून घेते.

कार्ब्युरेटरला असं काही कळत नाही. जेटचं भोक जेवढं, तेवढंच इंधन जाणार. कोडमध्ये आकडा पक्का लिहून ठेवावा तसं. ई-२० टाकलं की मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं. मग सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, पिकअप देताना अडखळते, घाटात इंजिन जास्त तापतं. आमच्या घरच्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीला मिस्त्रीने एक नंबर मोठा मेन जेट बसवला, इंधनाच्या नळ्या बदलल्या आणि ती आता नीट चालते. पण असा मिस्त्री मिळायला हवा, आणि तो खर्च आपल्या खिशातून जातो.

मायलेजचं गणित

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के आणि ई-१० पेक्षा सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी. हे भौतिकशास्त्र आहे, यावर वाद नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. नवं इंजिन त्याचा फायदा घेऊन थोडी भरपाई करू शकतं. जुन्याला ते जमत नाही.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज १ ते २ टक्के घटतं, इतरांचं ३ ते ६ टक्के. समाजमाध्यमांवर २०-२५ टक्क्यांचे दावे फिरतात. एवढी घट एकट्या इथेनॉलमुळे होणं ऊर्जेच्या हिशोबात बसत नाही. तशी घट दिसत असेल तर गाडीत दुसरं काहीतरी बिघडलेलं आहे, ते आधी शोधा.

आता ५ टक्के धरून हिशोब करू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि तुम्ही हजार किलोमीटरच्या ट्रिपला निघालात. आधी ६६.७ लिटर लागायचं, आता ७०.२ लागेल. साडेतीन लिटर जास्त. १०५ रुपये भाव धरला तर ३७० रुपयांच्या आसपास. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला सुमारे ३,७०० रुपये. दिवाळं निघणार नाही, पण ही रक्कम चकटफू पण नाही.

रबर, गंज आणि पाणी

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. जुन्या गाड्यांतलं काही प्रकारचं रबर आणि बुचाचे गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, कडक होतात, मग चिरतात. मंत्रालयानेही मान्य केलंय की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. नळी चिरली तर गळणारं पेट्रोल गरम इंजिनवर पडतं, म्हणून हा भाग हसण्यावारी नेऊ नका.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि सायखेडा-चांदोरीच्या लोकांसाठी तो जास्त महत्त्वाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी या गावांत शिरलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, तळाशी बसतं. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते मिसळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही एकत्र पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जातात. तिथूनच तर पंप इंधन उचलतो.

इथे एक गैरसमज दूर करू. ई-२० ही मर्यादा ई-१० पेक्षा जास्त पाणी सहन करते. हवेतल्या दमटपणाने नेहमी चालणाऱ्या गाडीत असं सहसा होत नाही. खरा धोका पुराचं किंवा पावसाचं पाणी थेट टाकीत जाण्याचा, आणि अर्ध्या टाकीवर महिनोनमहिने उभ्या ठेवलेल्या गाडीचा. हौसेची जुनी गाडी नेमकी अशीच पावसाळाभर उभी असते.

मग हे सगळं करायचं कशाला?

कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपण बहुतांश कच्चं तेल बाहेरून आणतो. त्यातला थोडा पैसा तरी साखर कारखान्यांमार्फत आणि धान्याच्या डिस्टिलरीमार्फत शेतात येतो. निफाड तालुक्याने सहकारी साखर कारखाने उभे राहतानाही पाहिले आणि बंद पडतानाही. नुसत्या साखरेवर कारखाना चालवणं किती अवघड आहे हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मक्यापासूनही आता मोठ्या प्रमाणावर इथेनॉल बनतं, त्यामुळे मक्याला एक नवा गिऱ्हाईक मिळाला.

अर्थात हा फायदाही पक्का नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंधनं आणली होती, नंतर ती उठवली. शिवाय उसाला लागणारं पाणी हा वेगळाच वादाचा विषय आहे. तरीही इथेनॉल बंदच करा असं मी म्हणणार नाही. सायखेड्यात उभं राहून तर नाहीच.

खरी तक्रार कुठे आहे?

नीती आयोगाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा जून २०२१ मध्ये आला. त्यातल्या दोन शिफारशी माझ्या मते फार शहाण्या होत्या. एक, जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी ई-१० सुद्धा मिळत राहावं. दोन, ऊर्जा कमी आहे म्हणून असं इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं.

दोन्ही झालं नाही. स्वस्ताईबद्दल सरकारचं उत्तर असं की तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता नाही. जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये होती. शेतकऱ्याला भाव द्यायचा तर इथेनॉल महागणारच, हे मला पटतं. पण ई-१० का नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही उपलब्ध ठेवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे आता हा प्रश्न पूर्णपणे धोरणाचा आहे.

बाहेर काय केलं ते बघा. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणलं, तेव्हा महागड्या सुपर पेट्रोलच्या रूपात ई-५ ठेवलं. पंपावर ठळक लेबलं लावली आणि आपली गाडी चालेल का हे तपासायला सरकारी संकेतस्थळ दिलं. ब्राझीलचं उदाहरण आपल्याकडे नेहमी देतात. तिथे ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आहे, हे खरं. पण तो देश १९७५ पासून या वाटेवर आहे, कुठलंही मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या तिथे २००३ मध्येच आल्या, आणि पंपावर पेट्रोल-मिश्रण की शुद्ध इथेनॉल हे गिऱ्हाईक ठरवतं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते भरायचं, हा तिथला सर्वसामान्य हिशोब.

आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं: प्रत्येक पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक लिहिलेली, प्रत्येक जिल्ह्यात आणि महामार्गांवर ठरावीक अंतरावर ई-१० चा एखादा पंप, आणि कंपन्यांनी जुन्या मॉडेलनुसार कोणते भाग बदलायचे याची किमतीसह यादी. यात शेतकऱ्याचं काही जात नाही. ई-१० लागणाऱ्या गाड्या दरवर्षी कमीच होणार आहेत.

जुनी गाडी घेऊन ट्रिपला निघताय? आधी एवढं करा

१. गाडीच्या पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणामागे कोणतं इंधन लिहिलंय ते वाचा.

२. इंधनाच्या नळ्या, वॉशर, गॅस्केट तपासून घ्या. बदलायचे असतील तर इथेनॉलला टिकणारेच मागा. फ्लोरोइलास्टोमर किंवा 'व्हायटॉन' या नावाने ते मिळतात.

३. बराच काळ साधं पेट्रोल चाललेल्या टाकीत इथेनॉल गेलं की जुना गाळ सुटतो. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर पेट्रोल फिल्टर बदला आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवा.

४. कार्ब्युरेटर असेल तर कसारा किंवा सापुतारा घाट चढण्याआधी जेट आणि ट्यूनिंग जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या.

५. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि झाकणाचं रबर बघा. टाकीत पुराचं पाणी गेल्याचा संशय असेल तर चावी फिरवूच नका, आधी टाकी रिकामी करा.

६. प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल, असं गृहीत धरू नका. ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७. शंका असेल तर मोजनळीत ५० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी घालून हलवा, मग स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ६० च्या जवळ गेला तर ते सुमारे २० टक्के. हे मोकळ्या जागेतच करा, जवळपास आग किंवा विडी-सिगारेट नको.

नव्या गाडीवाल्यांनी यातलं काहीच करायची गरज नाही. आणि जुनी गाडी फक्त ई-२० च्या धास्तीने भंगारात काढायचीही गरज नाही. नळ्या, फिल्टर, जेट एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. फक्त या बदलाची किंमत कोण भरतंय, हे पंपावरच्या पावतीत कुठेच छापलेलं नसतं. ती जुन्या गाडीवाल्याच्या खिशातून जातेय, तर त्याला निदान विचारण्याचा आणि निवडण्याचा हक्क तरी हवा.