टेपवरचे पाहुणे

१९५९ साली स्वीडनमधले चित्रकार फ्रीडरिश युर्गेन्सन यांनी पक्ष्यांची किलबिल टेपवर उतरवली. नंतर ऐकतात तर किलबिलीत माणसाचा आवाज! पुढे त्यांना दिवंगत आईचीही हाक ऐकू आली. लाटव्हियाच्या कॉन्स्टान्टिन राउडिव्ह यांनी मग असे हजारो आवाज जमवले. राउडिव्ह बहुभाषक, गंमत म्हणजे त्यांच्या टेपवरचे मृतात्मेही एकेका वाक्यात अनेक भाषांची मिसळ करत. आम्हाला तरी यात परलोकापेक्षा ऐकणाराच जास्त दिसतो. आईच्या हाकेची मात्र थट्टा करवत नाही.

खरखरीत आणि भरकटलेल्या रेडिओलहरींत मेंदू ओळखीचे शब्द शोधतो. त्यात अनेक रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप वाढवतात. खोली शांत झाली की खरखरच फुगते. आजचे भूतशोधक हीच यंत्रं घेऊन पडक्या वाड्यांत शिरतात. जरूर शिरावं. फक्त ध्वनिफीत ऐकवताना 'इथे तो अमुक म्हणतोय' असं आधी सांगू नये. चार जणांना वेगवेगळं बसवावं, प्रत्येकाने ऐकलेलं लिहून घ्यावं आणि मग कागद ताडून पाहावेत.