कोपराचे दुखणे : शस्त्र की सबुरी?

ज्यांनी टेनिसची रॅकेट जन्मात हाती धरली नाही अशांनाच ‘टेनिस एल्बो’ बहुधा जडतो, हा नामकरणाचा विनोदच म्हणावयाचा. धुणे पिळणारी गृहिणी, रंधा मारणारा सुतार, थापी चालविणारा गवंडी ही त्याची नेहमीची गिऱ्हाइके होत. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडास जेथे चिकटते, तेथे ती झिजते. मग चहाची किटली उचलणेही जड जाते. सहा महिने लोटले की सोशिक मनुष्यही विचारू लागतो, आता शस्त्रक्रिया करून घ्यावी काय?

अशा वेळी सचिन तेंडुलकरांचे नाव हटकून निघते. २००५ च्या मे महिन्यात लंडनला त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्यांनी ९३ धावा काढल्या. दाखला खरा आहे. परंतु शस्त्रक्रियेमागून विश्रांती व व्यायामही येतातच. मग गुण कोणाचा मानावा? ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सकांनी याचाच छडा लावला. २६ रुग्णांपैकी निम्म्यांची झिजलेली कंडरा त्यांनी कापून काढली. उरलेल्यांची नुसती त्वचा चिरून, कंडरेस धक्का न लावता टाके घातले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारलेले आढळले! रुग्ण थोडे होते हे मान्य; तथापि सुरीची घाई करू नये एवढे त्यावरून आम्हांस निश्चित वाटते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा मोह याहून मोठा. ज्याचे पोट रोजंदारीवर, त्यास ‘हात राखून कामे करा’ हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. परंतु २००२ सालचा हॉलंडमधील अनुभव पाहा. १८५ रुग्णांपैकी इंजेक्शनवाल्यांस सहा आठवड्यांत शेकडा ९२ गुण आला. वर्षअखेर तो ६९ वर घसरला. व्यायामोपचारवाले तोवर ९१ वर, आणि केवळ धीर धरणारेही ८३ वर पोहोचले होते.

व्यायाम घरीच करता येतो. हात मेजावर पालथा टेकवून पंजा कडेबाहेर ठेवावा व मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली धरावी. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्यावा, आणि दुखऱ्या हाताने तो सावकाश खाली न्यावा. किंचित दुखले तर चालेल. दुखणे वाढत गेल्यास वजन कमी करावे. दोन-तीन महिने नेम मोडू नये. ओझे उचलताना तळहात वर असावा. सहा महिने ते वर्षभर हे मनापासून करूनही गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. बोटांस मुंग्या येत असतील, कोपर सुजले असेल वा सरळ होत नसेल, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. ते दुखणे निराळे असू शकते.