एका ओळीची नोंद

व्यापारी घराण्यात लढाईवर गेलेला माणूस कसा असेल, असे सहज म्हटले जाते. आकडे मात्र वेगळे सांगतात. १९३९ साली हिंदुस्थानी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते. १९४५ साली ते पंचवीस लाखांच्या घरात पोहोचले. एवढ्या फौजेला बंदूक चालविणाऱ्यांबरोबर जमाखर्च लिहिणाऱ्यांची, कोठार सांभाळणाऱ्यांची, मोटार हाकणाऱ्यांचीही गरज होती. थोडे इंग्रजी जाणणाऱ्या, पेढीवर बसून तयार झालेल्या तरुणाला त्या दिवसांत फौजेत काम मिळणे अवघड नव्हते. म्हणूनच कोणाचे चुलत आजोबा, कोणाच्या आजीचे भाऊ ‘लढाईत होते’ एवढे एकच वाक्य कित्येक घरांत शिल्लक राहिले आहे. कोठे, कोणत्या पलटणीत, किती वर्षे, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ सरली.

शोध घेणारा नातू बहुधा गोष्टीपासून सुरुवात करतो. आजोबा बसऱ्याच्या बाजूला होते, साहेबाचा त्यांच्यावर जीव होता, एकदा फार उपासमार झाली होती. लष्करी दप्तराला यांतील काहीच पुरत नाही. त्याला नंबर लागतो. खातेदार कितीही नामांकित असो, खातेक्रमांकाशिवाय खतावणीचे पान उघडत नाही, तसाच हा प्रकार आहे. एकाच पलटणीत एकाच नावाचे दहा शिपाई असत. नंबर मात्र प्रत्येकाचा आपला.

हा नंबर घरातच असण्याचा संभव अधिक. डिस्चार्जचा दाखला असेल तर प्रश्नच मिटला. तो नसेल तर पदक पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती भिंगाखाली वाचावी आणि पदक घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा, कारण घासण्याने अक्षरे झिजतात. दुसऱ्या महायुद्धाची तारांकित पदके निदान प्रदेश सांगतात : आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. मनीऑर्डरचे जुने कूपन मिळाले तर पाठविणाऱ्याचा पत्ता त्यावर सापडू शकतो. आणखी एक ठिकाण आपल्या वाचकांच्या खास परिचयाचे आहे. शिपायाच्या घरी ज्या दुकानातून उधारीवर धान्य जाई, त्या दुकानाच्या जुन्या चोपड्यांत लढाईवरून आलेल्या पैशांची जमा मितीनिशी असू शकते. ज्यांच्या माळ्यावर अशा चोपड्या आहेत, त्यांच्याकडे कदाचित दुसऱ्याच कोणाच्या आजोबांचा पुरावा पडून असेल.

पलटणीच्या नावात नवखा माणूस हमखास अडखळतो. घरात ‘११७ मराठा’ हे नाव ऐकलेले असते आणि आज त्या नावाची पलटण कोठेच आढळत नाही. १९२२च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या जुन्या मराठा पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी करण्यात आली. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. शिधा संपत आल्यावर घोडे कापून खाण्याची वेळ आली, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला आणि ते अर्धपोटी राहिले. आता आजोबांची ती उपासमारीची गोष्ट पुन्हा ऐकावी. नंबर आणि पलटण हाती आल्यावर तिला गाव मिळते, महिना मिळतो. गोष्ट निरुपयोगी नसते. तिची पाळी नंतर येते, इतकेच.

यानंतर पत्रव्यवहार. हिंदी शिपायांची सेवापत्रके त्या त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात राहत आली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. अर्जात नंबर, नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, अंदाजे वर्षे आणि आपले नाते कागदोपत्री द्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेतली तर अर्ज योग्य टेबलावर पोहोचतो. जिल्ह्याचे नाव मात्र त्या काळचे द्यावे. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, सांगलीकडील बरीच गावे सातारा जिल्ह्यात किंवा एखाद्या संस्थानात मोडत.

उत्तर पुष्कळदा निराश करणारे येते. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची सेवापत्रके ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट करण्याचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती झालेले बहुसंख्य लोक युद्ध संपताच पेन्शनविना घरी परतले. त्यांचे कागद केव्हाच गेले. येथे पुष्कळ जण शोध सोडून देतात, आणि ती घाई होते. कागद गेले तरी ‘लाँग रोल’ नावाची मोठी नोंदवही बहुधा राहते. तिच्यात एका माणसाला एक ओळ : नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख. व्हाउचर फाडली तरी खतावणी ठेवली जाते, हे बँकेत वावरलेल्यांना सांगायला नको. म्हणून अर्जात ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की ‘कागदपत्रे उपलब्ध नाहीत’ हे उत्तर देणे कार्यालयास फार सोपे जाते.

युद्धात निवर्तलेल्यांची वाट वेगळी आहे. १९१७मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाची, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. ती नावे इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेल्या आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांचे नावसुद्धा तेथे ‘येशवंत’ असे उच्चारावे लागते. त्यांची समाधी ज्ञात नाही; नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. मग अप्रसिद्ध शिपायाचे नाव पाच-सहा तऱ्हांनी शोधून पाहण्यास कंटाळू नये.

बसऱ्याच्या स्मारकाची कथा याहून कठीण आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या व समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते उभारले गेले. भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरण्यात आली. २०२१मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने हा भेदभाव झाल्याचे मान्य केले. ज्या घरातून माणूस गेला आणि परतलाच नाही, त्या घरासाठी भिंतीवरचा तो नुसता आकडा फार तुटपुंजा आहे.

परतलेल्यांच्या बाबतीत घरच्यांनी एका गोष्टीची तयारी ठेवावी. रणांगण गाजविलेल्या आजोबांची नोंद भांडारपाल किंवा आचारी म्हणून निघू शकते. त्यांच्या पेटीतले पदक इंडिया सर्व्हिस मेडल असेल, तर ते हिंदुस्थानातच केलेल्या तीन वर्षांच्या बिनलढाऊ सेवेचे असते. काही घरांत असा उतारा आल्यावर तो कपाटात ठेवून जुनीच गोष्ट पुढे चालविली जाते. तसे करणे योग्य नव्हे. तीन वर्षे हजारोंचा शिधा मोजून, हिशेब चोख ठेवून परत आलेला माणूस व्यापारी घराण्याला कमीपणा आणणारा कसा ठरेल?

उताऱ्याची एक प्रत वंशावळीबरोबर ठेवावी. आजोबांच्या छायाचित्रामागे मऊ शिसपेन्सिलीने नंबर, पलटण आणि दोन्ही तारखा लिहाव्यात. शाईने लिहू नये. ती दुसऱ्या बाजूला उमटते.