उल्लेखांची मोजदाद

परीक्षानळीत अल्कधर्मी ताम्रद्रावण व फोलिनचे अभिकर्मक घातल्यावर उमटणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रथिनांचे प्रमाण ठरविण्याची जी रीत ऑलिव्हर लॉरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली, तिच्या निबंधाचा उल्लेख पुढील संशोधकांनी तीन लाखांहून अधिक वेळा केला; उलट वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा युगप्रवर्तक लेख सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांच्या २०१४ च्या मोजदादीत पहिल्या शंभरांतही नव्हता. लॉरींची रीत उपकारक होतीच, यात शंका नाही; पण उल्लेखांची संख्या म्हणजे शोधाची थोरवी नव्हे. निबंधांच्या संख्येचेही तसेच. तुलनेने थोडेच निबंध लिहिणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांना तर १९५८ आणि १९८० अशी दोनदा नोबेल पारितोषिके लाभली. म्हणूनच नेमणुकीच्या वा बढतीच्या वेळी दप्तरातील आकड्यांचा जमाखर्च पाहून निकाल देणाऱ्या समित्यांनी उमेदवाराचे निदान दोन निबंध स्वतः साद्यंत वाचावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.