विश्लेषण : शरीरात विरघळणारे स्टेंट... पण विरघळताना काय होते?

‘टाके काढायला यायला नको, ते आपोआप विरघळतील,’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा रुग्णाला हायसे वाटते. हीच कल्पना हृदयाच्या धमनीतील स्टेंटपर्यंत पोहोचली, तेव्हा मात्र ती महागात पडली. विरघळणे ही एका क्षणाची घटना नसून महिनोन् महिने चालणारी प्रक्रिया आहे, याचा विसर हे त्याचे एक मोठे कारण होते.

विघटन कसे होते?

साखर पाण्यात विरघळते तसे हे नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पॉलिग्लायकोलिक आम्ल हे पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. शरीरातील पाणी आत शिरून त्यांचे दुवे तोडते. आधी साखळ्या आखूड होतात, मग ताकद जाते आणि वस्तुमान सर्वात शेवटी घटते. म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईसारखी वस्तू जागेवर दिसते, पण भार पेलत नाही. शेवटी उरलेल्या लॅक्टिक आम्लाचे शरीर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतर करते.

वेग कशावर ठरतो?

पॉलिग्लायकोलिक आम्ल लवकर तुटते, पॉलिलॅक्टिक सावकाश. दोहोंच्या मिश्रणातून बनणारा पॉलिग्लॅक्टिनचा नेहमीचा टाका तीन-चार आठवडे जखम धरून ठेवतो आणि साधारण ५६ ते ७० दिवसांत नाहीसा होतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा हाडातील स्क्रू मात्र काही वर्षे राहू शकतो. वस्तू जाड असेल तर आत साचलेले आम्ल तिला आतूनच वेगाने पोखरते. आजूबाजूला सूजही येऊ शकते.

‘ॲब्सॉर्ब’चे काय झाले?

ॲबट कंपनीच्या या स्टेंटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये मंजुरी दिली. आधार होता एका वर्षाच्या निष्कर्षांचा. पण हा स्टेंट पूर्ण विरघळायला सुमारे तीन वर्षे लागतात! त्याच चाचणीत तीन वर्षांअखेर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण २.३ टक्के निघाले. धातूच्या स्टेंटमध्ये ते ०.७ टक्के होते. त्याच्या पट्ट्या सुमारे १५० मायक्रॉन, म्हणजे धातूच्या आधुनिक स्टेंटच्या जवळपास दुप्पट जाड होत्या. शिवाय धमनीच्या भिंतीत नीट न रुजलेले तुकडे विघटनाच्या काळात सुटून रक्तप्रवाहात येऊ शकतात, असे आढळले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने कमी मागणीचे कारण देत विक्री थांबवली. पुढे तिसऱ्या ते पाचव्या वर्षात दोन्ही प्रकारांतील फरक उरला नाही. धोका होता तो विरघळून गेल्यानंतर नव्हे, तर विरघळत असताना.

यातून काय शिकायचे?

हे तंत्रज्ञान मोडीत काढावे, असा याचा अर्थ नाही. गुडघ्याखालील धमन्यांसाठी याच कंपनीच्या अधिक पातळ पट्ट्यांच्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पण जे उपकरण तीन वर्षे बदलत राहते, त्याचा निकाल एका वर्षात लावणे हा उतावीळपणा आहे. पाठपुरावा विघटनाच्या पूर्ण काळाचा हवा.

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. औषध सोडणाऱ्या धातूच्या आणि विरघळणाऱ्या स्टेंटना २९,६०० रुपये ही एकच मर्यादा लागू झाली. किमतीची चर्चा झाली, ती आवश्यकच होती. पण संमतिपत्रावर सही करताना रुग्णाला आणखी तीन उत्तरे मिळायला हवीत : हे किती काळ भार पेलणार, पूर्ण नाहीसे कधी होणार आणि मधल्या काळात कोणती लक्षणे दिसली तर धाव घ्यायची? ‘आपोआप विरघळेल’ हे त्यांतल्या एकाचेही उत्तर नाही.