गाजर गवताला बांध अडवत नाही

जुलै-ऑगस्टमध्ये राज्यातल्या कुठल्याही गावरस्त्याने गेले तरी हेच दिसते. बांधाच्या आत खुरपून स्वच्छ केलेले सोयाबीन आणि बांधाबाहेर, रस्त्याच्या चारीत, कमरेइतके वाढलेले पांढऱ्या फुलांचे गाजर गवत. शेतकरी मजुरी मोजून आपले रान साफ करतो, पण चारीतले बी पावसाच्या पाण्याबरोबर पुन्हा त्याच्याच रानात येते.

म्हणूनच हे तण ही एकेका शेतकऱ्याची डोकेदुखी मानणे थांबवले पाहिजे. त्याचा बंदोबस्त हे पिण्याच्या पाण्यासारखेच गावाचे सामाईक काम आहे.

हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते प्रथम ठळकपणे नजरेत भरले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आयात धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारे कीटक मात्र मायदेशीच राहिले. एक चांगले पोसलेले झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते आणि ओल मिळाली तर वर्षभर उगवत राहते. त्यातली द्रव्ये शेजारच्या पिकाची उगवण दाबतात. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्यातून पोटात गेलेच तर दूध कडवट होते.

सर्वांत मोठी किंमत माणसे मोजतात. परागकणांनी शिंका आणि दमा, तर स्पर्शाने खाज, चट्टे आणि वर्षानुवर्षे न हटणारा त्वचारोग. उघड्या हातांनी हे गवत उपटणाऱ्या शेतमजूर बायांना त्याचा पहिला फटका बसतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारीच आहे.

यात वेळेला फार महत्त्व आहे. गाजर गवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला साजरा होतो. जनजागृतीला तो ठीक, पण जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले गवत तोवर फुलावर आलेले असते. फुलल्यानंतर उपटून बांधावर टाकणे म्हणजे बी पसरवणेच. जमीन ओली आणि झाड कोवळे असताना ते मुळासकट सहज निघते. फुलण्याआधी उपटलेल्या या गवताचे कंपोस्टही करता येते.

सगळीकडे एकच उपाय चालणार नाही. शाळा, अंगणवाडी, विहीर, पाणंद आणि शेताची कड इथे हातानेच उपटावे. गायरान आणि पडीक जागेत मेक्सिकन भुंग्याला काम करू द्यावे. १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत तो जमिनीत दडून बसतो, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. तो असेल तिथे फवारणी तरी करू नये. रस्त्याकडेला टाकळ्याचे बी टाकावे, दाट टाकळा गाजर गवताला जागा देत नाही. सरसकट तणनाशक मारले की जमीन उघडी पडते आणि मातीतले गाजर गवताचे बी पुन्हा तरारते.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण आज हाच खर्च प्रत्येक शेतकरी एकट्याने, दर हंगामात आणि फळाविना करतो आहे. शिवाय रस्ता, कालवा, शाळेचे आवार अशा जागांना मालक आहेत. आपल्या हद्दीतले गवत काढण्याची सक्ती त्या त्या खात्यावर हवी. कर्नाटकाने १९७५ मध्येच याला कायद्याने उपद्रवी तण ठरवले. मात्र तिथले गवत संपलेले नाही. कायद्यामागे कामाचे वेळापत्रक आणि माणसे नसतील, तर तो कागदावरच राहतो.

पेरणीआधीच्या ग्रामसभेत गावाने आपल्या सार्वजनिक जागांची यादी करावी, प्रत्येक जागेपुढे जबाबदार खात्याचे नाव लिहावे आणि जून संपण्याआधी पहिली, जुलैअखेर दुसरी उपटणी ठरवावी. मातीत पडलेले बी काही वर्षे उगवत राहणार. त्यामुळे हा ठराव एका पावसाळ्यापुरता न ठेवता सलग काही वर्षे राबवावा लागेल.